पत्रिका न पाहणारं घर

आमच्या घरात पत्रिका पाहत नाहीत. सोयरिकीचं बोलायला आलेल्या माणसांना बाबा हे चहाच्या आधी सांगतात. आजोबांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून निर्गुडा नदीत सोडले, त्या दिवसापासून आमच्याकडे गुण जुळवणं नाही, मंगळ नाही, मुहूर्त नाही. "आपला मुहूर्त म्हंजे रविवार," असं बाबा म्हणतात आणि स्वतःच हसतात.

बाबा कोळशाच्या खाणीत पंपावर होते. निवृत्त झाल्यावर ते लग्नं लावू लागले. वणीत आणि आसपासच्या खेड्यांत आमच्या समाजातली कितीतरी जोडपी त्यांच्यामागून प्रतिज्ञा म्हणून संसाराला लागली आहेत. त्यांच्या कापडी पिशवीत टेबलावर टाकायचं पांढरं कापड, दोन प्रतिमा, मेणबत्त्या आणि आगपेटी असते. आगपेटी लोक हमखास विसरतात, असा त्यांचा अनुभव आहे. माझं लग्नही त्यांनीच लावलं. सोयरीक जुळवताना त्यांनी मुलाकडच्यांना एकच प्रश्न विचारला होता, "पोरगा दारू पेते काय?" पीत नव्हता. तेवढ्यावर जमलं.

धाकट्या बहिणीचं ठरलं तेव्हा आई जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे तयारी सगळी माझ्या गळ्यात पडली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गभर पोरं मला आवरतात, बहीण आवरत नाही. तिच्या फोनमध्ये लग्नाच्या कल्पनांचं दुकानच होतं. धुरातून चालत येणारी नवरी, फुलांच्या चादरीखाली चालत येणारी नवरी, गॉगल लावून नाचत येणारी नवरी. तयारीसाठी मी मुलीला घेऊन माहेरीच येऊन राहिले होते. ती रोज रात्री जेवताना मला एक नवरी दाखवायची आणि मी रोज म्हणायची की चालत आली तरी पुरे आहे.

हळदीवरून पहिली ठिणगी पडली. बाबा म्हणाले, "हळद कायले? आपल्यात हळद नाई." ती म्हणाली, "बाबा, फोटोसाठी आहे." फोटोसाठी म्हटल्यावर बाबांना काय बोलावं ते कळेना. धर्माच्या विरोधात काही असतं तर ते तास-दोन तास बोलले असते, पण फोटोच्या विरोधात त्यांच्याकडे काही वचन नव्हतं. शेवटी हळदीला सगळ्यांनी पिवळं घालायचं, मेहंदीला हिरवं, लग्नाला नवरा-नवरीने पांढरं, असं ठरलं.

पांढऱ्यावरून मी भांडले. चंद्रपूर रोडवरचा उघडा लॉन तिला हवा होता. त्या रोडवरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. अशा गावात पांढरी साडी नेसून उघड्यावर उभं राहायची हौस कोणाला असेल तर ती माझ्या बहिणीला. मी हॉल सुचवला. हॉलमध्ये ड्रोन उडत नाही, म्हणून हॉल बाद झाला. त्या रविवारी इतर कोणाचा मुहूर्त नव्हता, म्हणून लॉन लगेच मिळाला. मुहूर्त न मानण्याचा एवढा एक रोकडा फायदा आम्हाला आहे.

लग्नाआधीच्या शूटिंगसाठी फोटोग्राफरने खाणीबाहेरचे मातीचे डोंगर निवडले. कोळसा काढण्याआधी वरची माती उपसून टाकतात, तिचे ते ढिगारे. "मॅडम, एकदम लडाखचा फील येते," तो म्हणाला. बहीण आणि तिचा होणारा नवरा त्या ढिगाऱ्यावर हात पसरून उभे राहिले आणि फोटोत खरंच लडाख आलं. बाबांनी फोटो फोनवर बोटाने मोठा करून पाहिला. "जिथं मी जिंदगी घातली, तिथं तुमी हिंडाले जाता," एवढंच म्हणाले.

पार्लरमध्ये ट्रायलला आम्ही तिघी गेलो. मी, बहीण आणि माझी मुलगी. ती तेव्हा चौथीत होती. मावशीच्या पुढे फुलांची थाळी घेऊन चालायचं काम तिला मिळालं होतं आणि त्यासाठी निळा लेहंगा शिवला होता. पार्लरवालीने बहिणीचा चेहरा हातापेक्षा बराच उजळ केला. मग तिने माझ्या मुलीकडे पाहिलं. "लेकराचे डोळे पिवळे दिसतात," ती मला म्हणाली, "काजळ घालून देते थोडं. बाकी फोटोत पांढरे करता येते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने तिथल्या तिथे मुलीचा फोटो काढला, फोनवर बोट फिरवलं आणि डोळे पांढरेशुभ्र करून दाखवले. मुलीने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे मी नाई."

माझ्या मुलीला सिकलसेल आहे, डोळे त्यानेच पिवळे होतात. आमच्या भागात हा शब्द माहीत नसलेली वस्ती क्वचितच असेल, पण तो मोठ्याने कोणी उच्चारत नाही. 'वात आहे' म्हणतात, 'रक्त कमी आहे' म्हणतात. रक्तातल्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं दुखतात. किती दुखतात ते मी सांगू शकत नाही, कारण मला दुखत नाही. ती वर्षाची व्हायच्या आत तिचे हातपाय सुजले, तेव्हा तपासणी झाली. तिला रोग्याचं लाल कार्ड मिळालं. मग आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. मला आणि नवऱ्याला पिवळं कार्ड मिळालं, बहिणीलाही पिवळं. बाबांनी दंड पुढे केलाच नाही. "म्हाताऱ्याचं काय पाह्यता," म्हणाले.

पिवळ्या कार्डाच्या माणसाच्या रक्तात ते असतं, पण त्याला काही होत नाही. तो शेतात राबतो, खाणीत उतरतो, लग्नात नाचतो. पण दोन पिवळ्यांनी संसार मांडला तर त्यांच्या लेकरांना लाल कार्ड मिळू शकतं. आमच्या दोघांच्या लग्नात कोणी रक्त पाहिलं नव्हतं. त्यामुळे बहिणीच्या लग्नात मला लॉन नको होता, धूर नको होता, ड्रोन नको होता. मला एकच गोष्ट हवी होती. नवऱ्या मुलाने एकदा दवाखान्यात जाऊन रक्त द्यावं आणि त्याचं कार्ड कोणत्या रंगाचं येतं ते लग्नाआधी कळावं.

मी हे पहिल्यांदा बाबांपुढे काढलं तेव्हा ते पिशवीतल्या पांढऱ्या कापडाची घडी घालत होते. घडी तशीच ठेवून ते म्हणाले, "हे घर पत्रिका पाह्यत नाई."

"बाबा, ही पत्रिका नोहे. तपासणी आहे."

"गेल्या साली काय झालं, ते इसरली काय?"

मी विसरले नव्हते. आदल्या वर्षी बहिणीला एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, साखरपुड्याची तारीख धरली होती. मग कोणीतरी त्यांना सांगितलं की या घरच्या नातीला तो आजार आहे आणि पोरीचंही कार्ड पिवळं आहे. त्यांनी आपल्या मुलाचं रक्त तपासलं नाही. निरोप पाठवला, या घरचं रक्त खराब आहे. बहीण तेव्हा आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

"पयले मंगळ होता," बाबा म्हणाले, "आता पिवळं कार्ड आलं. कोनत्याबी नावानं पोरगी बाजूले काढाची, एवढंच त्यायले पाह्यजे. रक्त चांगलं का वाईट, हे पाहून मानसं बाजूले काढाचे धंदे ज्यायनं केले, त्यायच्या वाटेनं आपन जायाचं नाई."

ते चुकत होते आणि त्यांचं म्हणणं खरंही होतं. आमच्या आजोबा-पणजोबांना ज्यांनी विहिरीपाशी येऊ दिलं नाही, त्यांनीही रक्ताचंच नाव पुढे केलं होतं. बाबांना रक्त हा शब्द ऐकला की तेच आठवतं. मला दवाखान्यातली सुई आठवते. एका शब्दावर आम्ही बापलेक दोन वेगळ्या गावांत उभे होतो. मी ओरडले, माझा तो स्वभावच आहे. म्हटलं, "माह्या लग्नात पाह्यलं असतं त माही पोरगी आज अशी तडफडली नसती." मुलगी आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. मी हे वाक्य त्या महिन्यात किती वेळा आणि किती मोठ्याने बोलले, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

बहिणीला मी वेगळं गाठलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, दुधानं तोंड पोळलं म्हणून तू ताकबी फुकून पेऊन राह्यली."

"फुकून पेलं त काय बिघडते?"

"त्याले विचारलं अन् त्याच्या घरच्यायनं नाई म्हटलं त? परत एकदा?" मग ती जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "तुह्या पोरीचं दुखनं माह्या मांडवात नोको आनू."

मुलगा घाटंजीचा. वीज खात्यात नोकरीला. बाप लहानपणीच गेलेला, आईने लोकांच्या शेतात कापूस वेचून वाढवलेला. बोलायला मऊ, हसरा, आणि माझ्या मुलीशी खेळणारा. त्याच्यात नाव ठेवायला काहीच नव्हतं. एखादा खवट असता तर मला बरं पडलं असतं. त्याच्या मित्रांनी दोघांना मनालीच्या सहलीची भेट दिली होती. मुलीने त्याला बजावलं होतं की येताना डब्यात बर्फ आणायचा.

लग्न एप्रिलच्या शेवटी होतं. ऊन तुम्हाला माहीत आहे, नसेल तर सांगून कळणार नाही. लॉनच्या कडेला नवरीची खोली होती, वर पत्रा, कोपऱ्यात कूलर. बहीण आरशापुढे बसली होती आणि पार्लरवाली तिच्या पापण्या चिकटवत होती. वऱ्हाड घाटंजीहून वेळेवर आलं, पण फाटकापासून मंडपापर्यंत यायला त्यांना नाचत नाचत दुपार झाली. घरातली सगळी पोरं त्या नाचात होती, माझी मुलगीही. मी तिला दोनदा ओढून आणलं. एकदा ती माझ्याच हाताखालून निसटली. पाणी ती प्यायली नव्हती. मला ते नंतर कळलं. लॉनचं संडास घाण होतं आणि लेहंगा सांभाळून तिथे बसता येत नव्हतं, म्हणून तिने सकाळपासून बाटली तशीच ठेवली होती. या आजारात पाणी हेच अर्धं औषध असतं, हे तिला माहीत होतं. पण त्या दिवशी तिला आजारी असायचं नव्हतं.

मंडपाशी वरात पोचली, मोठे पंखे पाण्याचा फवारा सोडत होते, पोरं त्या फवाऱ्यात उभी राहिली. थोड्या वेळाने माझा नवरा तिला उचलून नवरीच्या खोलीत घेऊन आला. तिने ओढणीचा बोळा दातात धरला होता. ती ओरडत नाही, ही तिची जुनी सवय आहे. दुखणं गुडघ्यांत होतं आणि पाठीत. मी गोळी दिली, पाणी तोंडाला लावलं, तिने मान फिरवली. पार्लरवालीने घाबरून कूलर तिच्याकडे वळवला.

तेवढ्यात मुलाची आई आत आली. नवरीला साडी द्यायला आली होती, हातात ताट होतं. तिने मुलीकडे पाहिलं, ताट खुर्चीवर ठेवलं आणि आधी कूलर बंद केला. मग खाली सतरंजीवर बसून मुलीचे पैंजण काढले, बांगड्या काढल्या, कमरेची नाडी सैल केली. मी गुडघा चोळत होते. तिने माझा हात धरून बाजूला केला.

"चोळू नोका, बाई. दाबूबी नोका. नुसता हात ठेवा. हात गरम असते, तेवढंच पुरते. अन् पानी पाजा, घोट घोट, कोमट."

दाबायचं नाही, नुसता हात ठेवायचा, हे शिकायला मला कितीतरी वर्षं लागली होती. ते कोणी शिकवत नाही. ज्याचं जळतं त्यालाच ते कळतं. तिचा हात माझ्या मुलीच्या गुडघ्यावर असा पडला होता की जणू रोज तिथेच असतो.

"तुमच्या घरी कोनाले होतं?" मी विचारलं.

"माह्या मोठ्या पोरीले," ती मुलीकडेच पाहत म्हणाली. "वात होता तिले. थंडीत लय होये. एवढीच होती, गेली."

आरशापुढे बहीण वळली. तिच्या एका डोळ्याला पापणी होती, दुसऱ्याला नव्हती. ती सगळं ऐकत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो आणि मला दिसलं की तिला समजलं. त्याच्या सख्ख्या बहिणीला होतं, म्हणजे आई आणि बाप दोघंही पिवळे. म्हणजे तोही असू शकतो. त्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त दुखणाऱ्या लेकराला ओळखलं होतं.

मी बाबांना बोलावलं. ते पांढऱ्या कपड्यांत आले, मंडपातलं टेबल मांडून झालं होतं. मी त्यांना दाराबाहेर घेऊन सांगितलं. त्यांनी आत पाहिलं. आत त्यांची नात पडली होती आणि तिच्या पायाशी त्यांची होणारी विहीण बसली होती.

"बाबा, आज नोका लावू. एका हप्त्यानं लावा. रक्त पाहून लावा."

"मंडपात मानसं बसले आहेत," ते म्हणाले. "अन् त्या पोराचा काय दोष? त्याले त्याच्या रक्तावरून वापस पाठवू? मी?"

बहीण आतून उठून आली. दुसऱ्या डोळ्यालाही पापणी लागली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाबांना म्हणाली, "चला बाबा, उशीर होऊन राह्यला." जाताना ती मुलीपाशी वाकली, पण मेकअप पुसला जाईल म्हणून की काय, तिने तिची पापी घेतली नाही. हवेतच घेतली.

मी बहिणीचं लग्न पाहिलं ते सरकारी दवाखान्यातून. मुलीला सलाईन लावलं होतं, दुखणं जरा उतरलं होतं. लांबच्या नातेवाइकांसाठी बहिणीने फोनवर थेट दाखवायची सोय केली होती, ही तिच्या कल्पनांपैकीच एक. मुलीने ते लावायला सांगितलं. मंडपात धूर सोडला, फुलांची चादर आली आणि बहीण खाली न पाहता चालत आली. तिच्या पुढे थाळी घेऊन नवरदेवाकडची कोणी दुसरी मुलगी होती. "ती चुकून राह्यली," माझी मुलगी म्हणाली. "लय लवकर फुलं टाकते." मग बाबांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा, आणि त्यांच्यामागून बहिणीचा. वरून ड्रोन फिरत होता. वरून मंडप खरंच सुंदर दिसत होता.

नवरा-नवरीने त्याच आठवड्यात रक्त दिलं. बहिणीनेच त्याला नेलं, मला न सांगता. त्याचं कार्ड पिवळं आलं. तो खूप रडला असं तिने मला सांगितलं. 'मले वाटे, तिले वातच होता,' हेच म्हणत राहिला. सहल मात्र त्यांनी रद्द केली नाही. मनालीहून तिने फोटो पाठवले, दोघं बर्फात, भाड्याचे जाड कोट घातलेले, हसत. मुलीसाठी बर्फ आणणं जमलं नाही, त्याऐवजी लोकरीची टोपी आणली. ती तिच्या खूप कामाला येते.

पुढच्या वर्षी बहिणीला दिवस गेले. आता पोटात असतानाच तपासता येतं. त्यासाठी नागपूरला जावं लागतं. ती दोघं गेली. तपासणीत बाळाला लाल कार्डाचाच आजार निघाला. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. बहीण तिथून बाबांकडे आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "बाबा, तुमीच सांगा." ज्यांनी आजवर इतक्या लोकांना दुःखाचं कारण आणि दुःखाचा उपाय समजावून सांगितला होता, ते बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. ती पुन्हा नागपूरला गेली आणि एकटीच होऊन परत आली. माझ्या मुलीला आम्ही त्या दिवसांत आजोळी जाऊ दिलं नाही. मावशीला बरं नाही, असं सांगितलं.

त्यानंतर बाबांनी स्वतः जाऊन रक्त दिलं. त्यांचंही कार्ड पिवळं निघालं. ते त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. अजूनही लग्नं लावायला ते जातात, पण आता सोयरिकीच्या बैठकीत ते दोन प्रश्न विचारतात. दारूचा, आणि नंतर रक्ताचा. आधी आपलं कार्ड काढून समोर ठेवतात, म्हणतात, "मीबी आहो. यात लाजाचं काई नाई. पोरापोरीचं पाहून घ्या, मंग लावतो." परवा एका बैठकीत मी सोबत होते. मुलीचा बाप ऐकून उठला. हात जोडून, अगदी आदराने म्हणाला, "दादा, तुमच्यापासूनच शिकलो आमी. अन् आता तुमीच पत्रिका पाहाले लागले?" माणसं चपला घालून निघून गेली. बाबांनी कार्ड परत खिशात ठेवलं आणि चहा घेतला. मला त्यांची इतकी दया आली की मी बाहेर जाऊन उभी राहिले. त्या घरचं लग्न दुसऱ्याने लावलं.

त्याच संध्याकाळची गोष्ट. मी मुलीच्या गोळ्या काढत होते. ती पलंगावर टोपी घालून बसली होती. तिची उंची वाढली आहे, वर्गात ती हुशार आहे, आणि माझ्यासारखीच तोंडाळ होत चालली आहे. तिने विचारलं, "आई, मावशीचं बाळ माह्यासारखं होतं ना?"

कोणी सांगितलं, असं मी विचारलं नाही. घरात भिंती पातळ आहेत आणि माझा आवाज मोठा आहे. मी म्हटलं, "हो."

"म्हणून नाई ठेवलं?"

"तिले लय दुखलं असतं, बेटा. तुले दुखते तसं."

तिने टोपी कानांवर ओढली. "तुह्या लग्नात कार्ड पाह्यलं असतं," ती म्हणाली, "त तू बाबांसोबत लग्न केलं नसतं. तूच म्हणत राह्यते."

मी तेच म्हणत आले होते. बाबांना, बहिणीला, नवऱ्याला, शाळेतल्या पालकांना. त्यातला एकही शब्द खोटा नाही. उद्याही मी तेच म्हणेन, कारण तेच बरोबर आहे. पण त्या क्षणी ती गोळी हातात धरून मी उभी होते आणि मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या प्रत्येक वाक्यात ही पोरगी नव्हती. मी ज्या शहाण्या लग्नाची इतकी वर्षं मांडणी करत होते, त्यात तिला जागाच नव्हती.

"आमाले माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. तिने माझ्या तळहातावरची गोळी उचलली, तोंडात टाकली आणि बाटलीतलं पाणी, मी न सांगता, सगळं पिऊन टाकलं.